हात लावायचा नाही

कळपाच्या कुत्र्याला हात लावायचा नाही,
बाप सांगायचा.
हात लावला की ते तुमचं होतं,
मेंढ्यांचं राहत नाही,
आणि लांडगा काही तुमच्या उंबऱ्यात येत नाही.

म्हणून फाइश्का पिल्लू असताना
मी तिला मानगुटीला धरून मेंढवाड्यात सोडलं,
कोकरांच्या उबेत.
बस, तेवढाच स्पर्श.
पुढचं सव्वा वर्ष आमच्या दोघांत
शिळा पाव, पातळ सूप
आणि खिळ्यांचा पट्टा.

पट्टा वाढत्या अंगाबरोबर सरकत गेला.
चेस्टनट पडायच्या दिवसांत पाचवं भोक,
बर्फात सातवं.
मग चेरी फुलल्या आणि एका सकाळी
पट्टा घसरून तिच्या कानांशी आला.
मी तो सहाव्यावर आणला.
पुढच्या रविवारी पाचव्यावर.
वाढीचं जनावर, आणि मी उलटे आकडे म्हणत होतो.

बक्कल ओढताना अंगठ्याला लागलं काहीतरी,
जबड्याखाली, हरभऱ्याएवढं.
दाबलं तरी ती कण्हली नाही,
नुसती बघत राहिली माझ्याकडे.
दुसऱ्या बाजूलाही होतं.
मग खांद्यापुढे.
मांडीमागे तर चक्क अक्रोड.

गावात उरलोय आम्ही अकरा माणसं,
रोगाची नावं मात्र निघाली चौदा.
एर्मीनियु म्हणाला, गोचीड.
त्याची बहीण म्हणाली, रानडुकराचं आतडं खाल्लं असणार,
आणि हे सांगताना तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की ते मीच खायला घातलं.
फेलिज्मिना काही बोलली नाही.
सूपात चरबी वाढवली, एवढंच.
फाइश्का भांडं चाटूनपुसून लख्ख करायची
आणि बरगड्या दुसऱ्या दिवशी
आणखी एक दिसायची.

ब्रागान्साहून डॉक्टर ग्रासा आली,
माझ्या नातीच्या वयाची, गुडघ्यापर्यंत चिखल.
सुई टोचली, काचेवर थेंब पसरला,
उजेडात धरला, जणू त्यात काही लिहिलेलं असतं.
"वाळूमाशीचं असू शकेल," म्हणाली.
"किंवा नसेलही. त्याहून वाईट असेल."
मला तिचं हे आवडलं. आमचा पाद्री असं कधी बोलत नाही.
काचा पोर्तोला गेल्या.
"तोवर रोज हात फिरवून बघा.
किती आहेत, केवढ्या आहेत. वहीत लिहा."

"हात फिरवून?"

"सगळ्या अंगावरून. सावकाश."

पहिल्या संध्याकाळी ती दगड झाली.
चौघं पाय ताठ, डोळे मेंढ्यांवर,
चोरी पकडल्यासारखी.
तिसऱ्या दिवशी शेपटीचं टोक हललं.
आठव्या दिवशी मी यायच्या आधीच
ती भिंतीपाशी येऊन बसलेली,
मान वर करून, गाठ पुढे करून.

तिला वाटतं, हे लाड आहेत.

लाडाकौतुकानं म्हणे अंगावर मूठभर मांस चढतं.
मी मोजतोय आणि मांस उतरतंय.
सव्वा वर्ष एका वाड्यात राहून
आमची गाठ पडली ती या गाठींमुळे.
कुणाला सांगायची सोय नाही ही गोष्ट.

मंगळवारी फोन आला.
नमुना अपुरा. पुन्हा पाठवा.

आज सात आहेत. काल सहा होत्या,
की माझ्याच बोटांनी एक दोनदा मोजली?
वही मिटली. हात मात्र
तिच्या दोन कानांच्या मधे राहिला.
तिथे काहीच नसतं,
वहीत त्या जागेला रकानाही नाही.
तिथली केसं अजून पिल्लाची आहेत, मऊ,
हे मला माहीतच नव्हतं.

डोंगरापलीकडे लांडगा ओरडला.
ती उठली.
आधी कळपाकडे बघितलं,
मग माझ्या हाताकडे.

जा, मी म्हणालो.
हात काढला नाही.